सेप्टिक शॉक : शंभरातले चाळीस वाचतात म्हणे, मग आमचे नाना कितवे?

गोदाकाठची | मंगळवार, रात्री ११.४०

नाशकातल्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

नाना म्हणजे माझे सासरे. वय ६४, साखर बारा-तेरा वर्षांपासून, निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षं. गेला आठवडाभर छाटणीच्या गडबडीत होते. शुक्रवारी कंबर दुखायला लागली, शनिवारी हुडहुडी भरून ताप. गावातच दोन दिवस इंजेक्शन-सलाईन झालं. सोमवारी सकाळी सासूबाईंनी चहा दिला तर कप धरून नुसते बघत बसले. छाटणीवाल्यांना उचल किती दिली विचारलं तर सांगता येईना. नाना एक वेळ स्वतःचं नाव विसरतील, पण उचल विसरणार नाहीत. १०८ ला फोन केला. इथे पोहोचलो तेव्हा बीपी ७०/४०. सोनोग्राफीत डाव्या बाजूला मूत्रनळीत खडा अडकलेला, किडनी फुगलेली, आणि मागे साचलेल्या लघवीत जंतू. रात्रीच स्टेंट टाकला, म्हणजे लघवीला वाट करून देणारी नळी.

आज संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. म्हणाले, "सेप्टिक शॉक आहे, सोफा स्कोअर १२ आहे, अशा शंभर पेशंटमधले साधारण चाळीस वाचतात." धाकट्या दिरांना तो वेटिंग रूममधला सोफा वाटला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, बारा नंबरचा सोफा कुठंय? मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

प्रश्न एवढाच, की ही चाळीस टक्के कुठून येते? आणि आमचे नाना त्या चाळिसात की साठात, हे कुणाला कधी कळणार?


मिसळ_कमी_तिखट | मंगळवार, रात्री ११.५२

ताई, काळजी घ्या. काही खाल्लं का तुम्ही? नाक्यावर काही ना काही उघडं असेल.


नाडीपरीक्षा | बुधवार, पहाटे ५.५५

मी आयसीयूतच काम करतो, दुसऱ्या शहरात. नाव बघून वैद्य समजू नका. तुमच्या पेशंटवर इथून मत देणार नाही, पण आकडा कसा बनतो ते सांगतो.

सेप्सिस म्हणजे नुसता जंतुसंसर्ग नव्हे. जंतूंशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि स्वतःचेच अवयव बिघडायला लागतात, ते सेप्सिस. शॉकची व्याख्या २०१६ साली नव्याने ठरली : पुरेसं सलाईन देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर ठेवायला औषध लागतंय आणि रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त-प्राणवायू कमी पडला की वाढणारा घटक) २ च्या वर आहे. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त रुग्ण रुग्णालयात दगावतात, असं त्या वेळी तपासलेल्या नोंदींत दिसलं. गल्लत नको : तुमच्या डॉक्टरांनी वाचणारे सांगितले, हा आकडा जाणाऱ्यांचा. (सरासरी म्हणजे वरचा एकदा, खालचा दोनदा, बेरीज भागिले तीन. ७०/४० ची होते ५०.)

सोफा ही सहा अवयवांची गुणपत्रिका. फुप्फुसं, रक्त गोठण्याची यंत्रणा, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू, मूत्रपिंड. प्रत्येकाला ० ते ४, एकूण २४. शाळेच्या उलट, इथे जितके जास्त गुण तितकं वाईट. १९९६ साली ही पद्धत मांडली गेली ती कोण मरणार हे सांगायला नव्हे, तर कोणता अवयव किती बिघडलाय हे सगळ्यांनी एकाच भाषेत लिहावं म्हणून. भाकितासाठी ती नंतर वापरली जाऊ लागली. माझ्या मते निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

तुमच्याकडे रिपोर्ट असतील तर आकडे टाका, एकत्र बेरीज करू.


गोदाकाठची | बुधवार, सकाळी ८.२०

सिस्टरांनी फाईल दाखवली, फोटो काढू दिला नाही, म्हणून पावतीच्या मागे लिहून आणलं. प्लेटलेट ९२ हजार. बिलिरुबिन १.६. क्रिएटिनिन २.८. ग्लासगो १४. पीएफ रेशो २८०. नॉरॲड ०.२२. लॅक्टेट आल्या आल्या ५.८, सहा तासांनी ४.१.

खाल्लं, उपमा. थँक्यू मिसळ.


नाडीपरीक्षा | बुधवार, सकाळी ९.०५

प्लेटलेट हा रक्त गोठण्याचा आकडा, बिलिरुबिन यकृताचा, क्रिएटिनिन मूत्रपिंडाचा. प्लेटलेट ५० ते १०० हजारांच्या मध्ये, म्हणून २. बिलिरुबिन १. क्रिएटिनिन २ ते ३.४ च्या पट्ट्यात, २. ग्लासगो म्हणजे शुद्धीचा आकडा, पूर्ण शुद्धीत १५. १४ ला १ गुण. पीएफ म्हणजे रक्तातला प्राणवायू आणि आपण देतोय तो प्राणवायू यांचं गुणोत्तर, ३०० च्या खाली म्हणून २. नॉरॲड म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन, रक्तदाब टिकवणारं औषध. ते किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की थेट ४. बेरीज १२. तुमच्या डॉक्टरांचा हिशेब बरोबर आहे.

लॅक्टेट सोफात नसतं, पण मी आधी तेच बघतो. २००४ सालच्या एका अभ्यासात पहिल्या सहा तासांत लॅक्टेट दर १० टक्क्यांनी उतरलं तसतशी मृत्यूची शक्यता सुमारे ११ टक्क्यांनी घटलेली दिसली. नानांचं पहिल्या सहा तासांत जवळजवळ ३० टक्के उतरलंय. एक प्रश्न : ते साखरेसाठी मेटफॉर्मिन घेतात का? मूत्रपिंड बंद पडत असताना मेटफॉर्मिन साचतं आणि लॅक्टेट वाढवतं. यकृताचा आजार, झटके, दम्याचं सालब्युटामॉल, ॲड्रेनॅलिनची ड्रिप यांनीही ते चढतं. आकड्याला बाप अनेक असतात.


ओझरचा_बागायतदार | बुधवार, सकाळी १०.१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे स्कोअर-बिअर सगळं घाबरवायला असतं. माझ्या मेव्हण्याच्या वेळी पहिल्याच दिवशी "दहा टक्के चान्स" सांगितला, बिल भरून घेतलं, आणि माणूस आज ट्रॅक्टर चालवतोय. दहा टक्के होता तर वाचला कसा? वाचला म्हणजे आकडा खोटा.


लासलगावचा_मापारी | बुधवार, दुपारी १.३०

बागायतदार, दहापैकी एक वाचणार म्हटल्यावर एक वाचला तर आकडा खोटा कसा? तो एक तुमचा मेव्हणा निघाला. आकडा खरा की खोटा हे एका माणसावरून ठरत नाही. "दहा टक्के" सांगितलेली शंभर माणसं गोळा करा आणि त्यातली किती वाचली ते मोजा. चाळीस वाचली तर तुमचं बरोबर.

मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवायचो. आता नावाप्रमाणे काट्याबद्दल बोलतो. काटा दोन तऱ्हांनी तपासतात. पहिली, जड गोणी आणि हलकी गोणी ठेवली तर जडीला जड म्हणतो का. दुसरी, पन्नास किलोच्या गोणीला पन्नासच दाखवतो का, की आत पासंग आहे. एखादा काटा पहिल्या परीक्षेत पहिला येतो आणि दुसरीत सपशेल नापास होतो. सगळ्या गोण्या बरोबर क्रमाने लावतो, पण प्रत्येकीला पाच किलो जास्तच सांगतो.

आयसीयूतल्या स्कोअरांचं असंच आहे. अपाची टू नावाचा मोठा स्कोअर १९८५ सालचा. अमेरिकेतली १३ रुग्णालयं, ५,८१५ भरत्या, त्यावरून त्याचं सूत्र बसवलं. पहिल्या चोवीस तासांतले सगळ्यात वाईट आकडे, वय आणि जुने आजार धरून ० ते ७१ गुण. जास्त आजारी कोण आणि कमी कोण, हे तो आजही बऱ्यापैकी सांगतो. पण "मृत्यूची शक्यता इतके टक्के" हा त्याचा दुसरा आकडा त्या काळच्या, तिथल्या उपचारांवर बेतलेला. नाशकात आज तो तसाच वाचला तर पासंग राहणारच.

पासंग किती बदलतो बघा. २००१ साली अमेरिकेत सेप्सिसच्या सुरुवातीच्या उपचारांवर एक गाजलेली चाचणी झाली, तिच्यात नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ४६.५ टक्के रुग्ण गेले. २०१४ मध्ये तिथेच तोच प्रश्न घेऊन दुसरी चाचणी झाली, तिच्यातल्या नेहमीच्या उपचारांच्या गटात साठ दिवसांत गेले १८.९ टक्के. दोन्हींतले रुग्ण सारखेच गंभीर नव्हते, हे मान्य. तरी तेरा वर्षांत "नेहमीचे उपचार" या शब्दाचा अर्थच बदलला होता.


ओझरचा_बागायतदार | बुधवार, दुपारी १.५०

पासंगाचं पटलं. बाजार समितीत उभं आयुष्य गेलंय आमचं. पण मग आकडा सांगायचाच कशाला?


नाडीपरीक्षा | बुधवार, दुपारी ३.१०

बागायतदारांच्या रागात तथ्य आहे. आमच्यातले काही जण जाणूनबुजून आधी वाईट सांगतात. गेला तर "सांगितलं होतं", वाचला तर "आम्ही वाचवला". मला ही सवय आवडत नाही. मात्र सोफाचे वेगळे पैसे कुणी लावत नाही, झालेल्या रिपोर्टांचीच ती बेरीज आहे.

आकडा लागतो तो आम्हालाच शिस्त राहावी म्हणून. नाहीतर बोलका, हसरा पेशंट दिसला की डॉक्टरलाही तो बराच वाटतो आणि बाजूच्या खाटेवरचा गप्प म्हातारा नजरेआड होतो. दुसरा उपयोग असा, की दोन रुग्णालयांची तुलना करायची तर कुणाकडे किती गंभीर रुग्ण येतात हे आधी कळायला हवं. एकट्या माणसाचं भविष्य वर्तवणं हा यातला सगळ्यात लंगडा उपयोग, आणि नातेवाईक विचारतात नेमका तोच. साहजिक आहे म्हणा.


रात्रपाळी | बुधवार, सायंकाळी ७.४५

मी आयसीयूत सिस्टर आहे, नाशकातच. कुठे ते विचारू नका. ड्युटीला निघण्याआधी लिहिते.

डॉक्टर राउंड घेऊन जातात, रात्रभर आम्ही बघतो. रिपोर्ट यायच्या आधी गुडघे बोलतात. गुडघ्याच्या वाटीभोवती जांभळट जाळी दिसायला लागली, मग ती मांडीकडे वर सरकली, की आमच्या पोटात गोळा येतो. त्याचाही ० ते ५ असा स्कोअर फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मांडलाय. सावळ्या कातडीवर मात्र ती जाळी पटकन दिसत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक सावळेच. म्हणून आम्ही बोट दाबतो. बोटाच्या टोकावर दहा सेकंद घट्ट दाब द्यायचा, सोडायचा, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तीन सेकंदांपर्यंत ठीक.

ताई, तुम्ही आत भेटायला जाल तेव्हा मॉनिटरकडे बघून घाबरू नका. तो कुठल्याही कारणाने वाजतो, पेशंटने हात हलवला तरी वाजतो. लघवीची पिशवी बघा. किलोमागे तासाला अर्धा एमएल म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस. आणि हात गरम आहेत का ते बघा.


नाडीपरीक्षा | बुधवार, रात्री ८.३०

रात्रपाळी सिस्टरांच्या बोट दाबण्यावर २०१९ साली दक्षिण अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ४२४ रुग्ण. निम्म्यांचे उपचार लॅक्टेट बघून, निम्म्यांचे बोट दाबून. अठ्ठावीस दिवसांत लॅक्टेटच्या गटात ४३.४ टक्के गेले, बोटाच्या गटात ३४.९. फरक संख्याशास्त्राच्या कुंपणापाशी थोडक्यात अडला, म्हणून "बोट जिंकलं" म्हणता येत नाही. पण हरलं नाही हे नक्की, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पेठ-सुरगाण्याच्या आरोग्य केंद्रात रात्री दोन वाजता लॅक्टेट कोण करून देणार? बोट सगळ्यांकडे असतं.


दूरदेशी | बुधवार, रात्री ११.१५

मी मूळचा पंचवटीचा, सध्या अमेरिकेत, रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये. इकडे सगळं एआय करतंय. पेशंटचे हजारो आकडे सेकंदासेकंदाला मशीन वाचतं. सोफा वगैरे आता जुनं झालं.


लासलगावचा_मापारी | गुरुवार, सकाळी ७.००

दूरदेशी, तुमच्याच इकडची गोष्ट. शेकडो रुग्णालयांत बसवलेलं सेप्सिस ओळखणारं एक सॉफ्टवेअर मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात तपासलं गेलं, २०२१ मध्ये निकाल छापून आला. नाणं उडवलं तर ०.५ आणि कधीच न चुकणाऱ्याला १, अशा मापावर त्याला मिळाले ०.६३. सेप्सिस झालेल्यांपैकी ६७ टक्के त्याने पकडलेच नाहीत, आणि वर इशारे इतके दिले की माणसं कान झाकायला लागावीत. कंपनीने स्वतः सांगितलेला आकडा याहून बराच चांगला होता.

यंत्र वाईट असतं असं नाही. ज्या मातीत रोप वाढलं ती माती सोडली की फळ बदलतं, एवढंच.


दूरदेशी | गुरुवार, सकाळी ७.४०

तो पेपर माहीत आहे. त्यानंतर बरीच सुधारणा झालीय. पण ठीक, मुद्दा मान्य.


गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ९.३०

काल रात्री एक वेडेपणा केला. पंपावर नॉरॲडचा आकडा सकाळी १२ होता, रात्री ६. मी आनंदाने सगळ्यांना फोन केले, सासूबाईंनी काळारामाला नारळ बोलला. मग कळलं की सिरिंज "डबल स्ट्रेंथ" केलीय. औषध दुप्पट घट्ट, म्हणून पंप निम्मा. डोस तोच!

आज आणखी वाईट. प्लेटलेट ९२ वरून ७० हजार. मिस्टरांचे चुलते आलेत. ते म्हणतात, आता उगाच छळ नको, सही करून घरी न्या, गंगेचं पाणी तोंडात घाला, माणूस आपल्या ओट्यावर जाऊ दे. पैशांचाही विषय आहेच, खोटं कशाला बोलू. सरकारी आरोग्य योजनेत बसवायचे कागद चालू आहेत, पण रोजची औषधं रोखीने. मिस्टर माझ्याकडे बघतात आणि मी मोबाइलकडे.


रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ९.५०

डबल स्ट्रेंथवर भलेभले फसतात. पंपावरचे एमएल बघू नका, "किलोमागे मायक्रोग्रॅम किती" असं विचारा. आत्ता विचारून या.


गोदाकाठची | गुरुवार, सकाळी १०.४०

०.०६.

बाकीचंही लिहून आणलंय. बिलिरुबिन १.४, क्रिएटिनिन २.१, ग्लासगो १५, पीएफ ३१०, लॅक्टेट १.९. म्हणजे काल तोच डोस होता आणि आज खरंच उतरलाय, बरोबर ना? मग प्लेटलेट का पडताहेत?


नाडीपरीक्षा | गुरुवार, सकाळी ११.२०

बरोबर. आता बेरीज करा. प्लेटलेट अजून २ च. बिलिरुबिन १. क्रिएटिनिन २. मेंदू ०. फुप्फुसं १. नॉरॲड ०.१ च्या आत आलं म्हणून ४ चे ३. नऊ. सोमवारच्या बाराचे गुरुवारी नऊ.

प्रत्येक अवयव आपापल्या चालीने परततो. लॅक्टेट काही तासांत हलतं. रक्तदाब दीड-दोन दिवसांत. प्लेटलेट आणि क्रिएटिनिन बैलगाडीने येतात, कधी कधी आजार वळल्यावरही दोन-तीन दिवस घसरतात. एकट्या प्लेटलेटच्या आकड्यावर घरी नेऊ नका असं मी एरवी कुणाला सांगत नाही, पण आज सांगतो.

२००१ साली ब्रुसेल्सच्या एका आयसीयूतल्या ३५२ रुग्णांचा अभ्यास छापून आला. पहिल्याच दिवशी ११ च्या वर सोफा असलेल्यांत मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त. नाना सोमवारी त्या गटात होते. पण त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट निघाली : पहिल्या ४८ तासांत ज्यांचा स्कोअर वाढला त्यांच्यात निम्मे किंवा जास्त गेले, आणि ज्यांचा उतरला त्यांच्यात २७ टक्क्यांहून कमी. म्हणजे आकड्यापेक्षा त्याची दिशा बोलकी. म्हणून मी नातेवाइकांना पहिल्या संध्याकाळी टक्केवारी सांगायला नाखूश असतो. परवा बसू म्हणतो.

आणखी एक, जे कुठल्याच स्कोअरात नाही. संसर्ग कुठून आला? अडलेली मूत्रनळी मोकळी केली की पू बाहेर पडायला वाट मिळते. अशा रुग्णांचं भवितव्य फुटलेल्या आतड्याच्या किंवा दोन्ही बाजूंच्या न्यूमोनियाच्या रुग्णांपेक्षा पुष्कळ बरं असतं. नानांचा स्टेंट पहिल्याच रात्री टाकला गेला. सोफाच्या बेरजेत त्याला शून्य गुण आहेत, माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त.


लासलगावचा_मापारी | गुरुवार, सकाळी ११.५०

चुलत्यांबद्दल एक. "वाचणार नाही" असं धरून उपचार थांबवले की माणूस जातो, आणि मग सगळे म्हणतात, बघा, आकडा खरा होता. भाकीत स्वतःच स्वतःला खरं करून घेतं. जुन्या नोंदींवर बसवलेल्या स्कोअरांत अशीही माणसं मिसळलेली असणार. कुणाला आजाराने नेलं आणि कुणाला आशा सोडल्याने, हे त्या तक्त्यात वेगळं दिसत नाही.


ओझरचा_बागायतदार | गुरुवार, दुपारी १२.१०

मापारीबुवा, हे मात्र लाखाचं बोललात. ताई, कागदांसाठी ओझरहून कुणी धावपळ करायला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी आज रिकामा आहे.


सिडकोकर | गुरुवार, रात्री १०.३५

सगळा धागा वाचला. लिहू की नको, असं झालं.

माझा धाकटा भाऊ, वय ३८. न्यूमोनिया. पहिल्या दिवशी सोफा ५ होता. डॉक्टर म्हणाले, तरुण आहे, दुसरा आजार नाही, निघेल. आम्ही रात्री घरी जाऊन झोपलो सुद्धा. चौथ्या दिवशी गेला. तीन वर्षं झाली. पाच म्हणजे चांगला ना? मग त्याचं काय चुकलं? आणि तापाचे पहिले दोन दिवस आम्ही घरीच काढले होते. मी कुठेतरी वाचलंय की तासामागे इतके टक्के कमी होतात. तेव्हापासून मी ते तास मोजतोय.


नाडीपरीक्षा | शुक्रवार, पहाटे ५.४०

सिडकोकर, तुम्ही वाचलेला आकडा ७.६ टक्के. २००६ सालचा अभ्यास. रक्तदाब पडल्यानंतर योग्य अँटिबायोटिक मिळायला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरामागे जगण्याची शक्यता सरासरी तेवढी घटत गेलेली दिसली. त्यात तास मोजायला सुरुवात होते रक्तदाब पडल्यापासून. अंगात ताप आला तेव्हापासून नव्हे. घरात काढलेल्या तापाच्या दोन दिवसांना तो आकडा लावता येत नाही. ताप आलेल्या प्रत्येक अडतीस वर्षांच्या माणसाला आयसीयूत नेलं तर नाशकात खाट मिळणार नाही. तुम्ही जे केलं तेच मी माझ्या भावासाठी केलं असतं.

पाचाबद्दल. कमी स्कोअर असलेल्यांतही काही जण जातात, तेवढी जागा प्रत्येक टक्केवारीत असते. त्यांचं काही चुकलेलं नसतं. तुमच्या भावाचा स्कोअर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किती झाला, हे कुणी तुम्हाला सांगितलं होतं का?


सिडकोकर | शुक्रवार, सकाळी ८.१५

नाही. पहिल्या दिवसाचाच सांगितला होता.

तास रक्तदाबापासून मोजतात हे माहीत नव्हतं.


रात्रपाळी | शुक्रवार, सकाळी ९.००

सिडकोकर दादा, नाईट संपवून आत्ता वाचलं. वर लिहिलंय त्यात एक भर घालते, ताईंसाठीही. "वाचतील का" हा प्रश्न आम्हाला दिवसातून वीस वेळा येतो आणि आम्ही वीस वेळा "देवाच्या हातात" म्हणतो. त्याऐवजी "कालपेक्षा आज काय सुधारलं, काय बिघडलं" असं विचारलं तर खरं उत्तर मिळतं. सिस्टरलाही देता येतं. डॉक्टरांना पहिल्याच दिवशी म्हणा, अठ्ठेचाळीस तासांनी, बहात्तर तासांनी आम्हाला पुन्हा बसवून सांगा. बहुतेक जण तयार होतात.


गोदाकाठची | रविवार, रात्री ९.२०

नॉरॲड आज दुपारी बंद. बीपी स्वतःच्या जोरावर ११८/७०. प्लेटलेट १ लाख ४ हजार. बैलगाडी पोहोचली.

चुलते परवा परत गेले. जाताना नानांच्या कपाळावर अंगारा लावला आणि मला म्हणाले, "तू ऐकलं नाहीस ते बरं झालं." मी ऐकलं नाही असं नव्हतं, मी फक्त अठ्ठेचाळीस तास मागून घेतले होते. ओझरच्या दादांनी योजनेच्या कागदांसाठी दोन चकरा मारल्या, एक पैसा घेतला नाही. मेटफॉर्मिन डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी थांबवलं होतं, ते विचारलं होतंत म्हणून सांगते.

एकच भीती आहे. नाना रात्री बरळतात. छताला द्राक्षाचे घड लटकलेत म्हणतात, विरळणी करायला मजूर बोलवा म्हणतात. सिस्टरांना "हिशेब झाल्याशिवाय जायचं नाही" असा दम दिला. मेंदूवर परिणाम झाला का?


रात्रपाळी | रविवार, रात्री ९.४५

विरळणी! आमच्याकडे एका आजोबांनी अख्खी रात्र बैल हाकले होते. आयसीयूत म्हाताऱ्या माणसांना हा भ्रम फार होतो. झोप मोडते, दिवस-रात्र कळत नाही. त्यांचा चष्मा आणि घड्याळ आणून द्या. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्रही. दिवसा खिडकीकडे तोंड करून बसवा, घरच्या आवाजात तारीख-वार सांगत राहा. बहुतेकांचा ओसरतो.


नाडीपरीक्षा | रविवार, रात्री १०.३०

सहमत. आणि पुढची तयारी आत्ताच करा. "वाचला की वाचला नाही" एवढ्यावर आमचे स्कोअर थांबतात. पण सेप्सिसमधून उठलेल्या वयस्कर माणसांत नंतर विसराळूपणा, हातापायांतली ताकद जाणं, उदासी, पुन्हा संसर्ग होऊन दाखल व्हावं लागणं हे बरंच दिसतं. कित्येकांना महिने लागतात. फिजिओथेरपी खाटेवरच सुरू करा. यंदाच्या हंगामात बागेत उभं राहण्याची अपेक्षा नानांकडून ठेवू नका, त्यांनी ठेवली तरी.


गोदाकाठची | पुढच्या बुधवारी, दुपारी ४.१०

वॉर्डात आणलं. काठी धरून सहा पावलं चालले. घड लटकायचे थांबले. आल्या आल्या पहिला प्रश्न, छाटणीनंतर पेस्ट लावली का, आणि उचल कुणाकुणाकडे राहिली. यादी तोंडपाठ सांगितली. एका नावापाशी अडखळले, ते सासूबाईंनी सांगितलं.

सिडकोकर, तुमच्या भावाबद्दल मी रोज विचार करते. आमचा आकडा तुमच्यापेक्षा वाईट होता. काय लिहावं कळत नाही.


सिडकोकर | बुधवार, सायंकाळी ६.३०

काही लिहू नका. नाना चालले, वाचून बरं वाटलं. तास मोजणं कमी झालंय माझं.


ओझरचा_बागायतदार | बुधवार, सायंकाळी ७.१०

पेस्ट लावलीय म्हणून सांगा त्यांना. मी स्वतः प्लॉट बघून आलो. शेवटच्या चार ओळी राहिल्यात, उद्या होतील.


नाडीपरीक्षा | बुधवार, रात्री ९.००

एक राहिलं. आत टाकलेला स्टेंट कायमचा नसतो. खडा काढायचा आणि स्टेंटही काढायचा, साधारण काही आठवड्यांत, नेमकी तारीख तुमचे युरॉलॉजिस्ट सांगतील. माणूस बरा झाला की घरचे स्टेंट विसरतात, आणि वर्षाने त्यावरच खडे जमून तो परत आमच्याकडे येतो. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून मागा.


गोदाकाठची | बुधवार, रात्री ९.२५

मागितली. कालनिर्णयवर लाल पेनाने गोल केलाय, आणि सासूबाईंनी त्याच चौकोनात नारळाचंही लिहून ठेवलंय.